मागच्या डाव्या चाकाचे नट

दादा,

काल तुझा तेरावा झाला. आज दुपारी मी पेणला परत आले, अंघोळ केली आणि कारखान्यात माझ्या जागेवर येऊन बसले. समोर अडीच फुटांचा गणपती आहे, त्याचे डोळे आखायचे राहिलेत. ब्रश उचलायचा सोडून मी हे लिहिते आहे. हात थरथरत असला की आम्ही डोळ्यांना हात लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. लिहायला मात्र थरथरता हात चालतो.

पाटावर, रंगाच्या वाट्यांशेजारी, गाडीच्या चाकाचा एक नट ठेवला आहे. एका अंगाने छिन्नीने फोडलेला. तो कुठला, हे तुला सांगायला नको. मला ते परवा कळलं.

तुझं कौतुक बाकीच्यांनी पुष्कळ केलं. रोह्यातले रिक्षावाले आले, टेम्पोवाले आले, ज्यांच्या गाड्या तू ढकलून ढकलून सुरू करून द्यायचास तेही आले. "तुमच्या भावानं कधी कुणाला रस्त्यात सोडला नाय," असं जो तो मला येऊन सांगत होता. मी मान हलवत होते. दहाव्यापर्यंत मला नुसतं रडू येत होतं. बाराव्या दिवसापासून रडू आणि राग दोन्ही येतंय. गेलेल्या माणसावर रागावू नये, मला कळतं. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, आणि तू वीसेक वर्षं तोंड शिवून बसलास, त्याचा राग मी नाही धरायचा तर कुणी?

चाक काढायला मला तूच शिकवलंस. माझं लग्न झालं त्याच वर्षी, उन्हाळ्यात. जिते गावात माझ्या सासूबाईंच्या भाचीची हळद होती. तू कुणाची तरी दुरुस्त केलेली जीप 'जरा चालवून बघतो' म्हणून घेऊन आलास आणि आम्हा बायकांना त्यात भरलंस. जिते यायच्या अलीकडे मागचं चाक बसलं. मी नवी नवरी, अंगावर भरजरी साडी, आणि तू सगळ्यांच्या देखत माझ्या हातात पाना दिलास.

"सुमे, ये हकडं. तुला शिकवतो."

"आत्ता? इथं?"

"मंग काय, पंक्चर घरी बसून व्हतो?"

मी लगेच जॅक शोधायला लागले, तर तू हात धरलास. चाक जमिनीवर आहे तोवरच नट सैल करायचे, वर उचलल्यावर नट नाही, चाकच फिरतं, हे तू मला सांगितलंस. मी पाना लावला आणि होता नव्हता तो जोर लावला. नट ढिम्म हलेना. तू म्हणालास, "आधी आवळ. जरासा. मंग सोड."

"उलटंच काय सांगतोस? मला काढायचाय की बसवायचाय?"

"तो एका जागी बसून आखडलाय गो. त्याला आधी हलव. कुठल्या अंगाला, ते मागनं बघू."

मग तू डब्यातलं काळं ऑइल आणि रॉकेल एकत्र करून सगळ्या नटांवर सोडलंस, हातोडीने कडेकडेने टकटक केलंस आणि खुशाल झाडाखाली जाऊन बसलास. सासूबाईंचा जीव वरखाली होत होता. "अरे बाबा, हळद लागून जाईल तिकडं!" तू म्हणालास, "मावशी, तेल आत जायला वेळ लागतो. आता जोर केला तर बोल्ट तुटल, मंग हळदीला नाय, बारशाला पोचाल." त्या हसल्या. सासूबाईंना हसताना मी लग्नानंतर तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पाऊण तासाने मी पाना लावला, थोडं आवळलं, मग सोडलं, आणि नट कर्र करून फिरला. त्या आवाजाने मला झालेला आनंद मी अजून विसरले नाही. हळदीच्या मांडवात सासूबाई ज्याला त्याला सांगत होत्या, आमच्या सुनेनं चाक काढलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला कारखान्यात दागिन्यांच्या रंगकामाला बसवलं. त्याआधी मी फक्त मूर्ती उन्हात नेऊन ठेवायची आणि आत आणायची. म्हणजे माझ्या हातात ब्रश आला तो तुझ्या पान्यामुळे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू फुशारला असतास.

त्यावरून आपलं भांडण मात्र कायमचं लागलं. तुझं म्हणणं, लोखंडाशी घाई करायची नाही, ते भिजेपर्यंत हात आवरायचा. माझं म्हणणं, रंगाशी सुस्ती करायची नाही, तो सुकायच्या आत हात चालवायचा. तू मला घायकुती म्हणायचास, मी तुला म्हैस म्हणायची. वहिनी म्हणायची, दोघं आपापल्या धंद्यात बरोबर आहात, आता जेवायला बसा. ते भांडण संपवायचं राहिलं. आता मला एकटीला दोन्ही बाजू मांडाव्या लागतात, आणि तुझी बाजू मांडताना मी नीट बोलते, असं माझ्याच लक्षात येतं.

मग तू स्वतःची गाडी घेतलीस. जुनीच, बदामी रंगाची, दारं जोरात आपटल्याशिवाय न लागणारी. पण आपल्या घरातली पहिली. दसऱ्याला तू ती पूजेसाठी म्हणून आमच्या दारात आणलीस. आईही बरोबर होती, पुढच्या सीटवर, मांडीवर झेंडूच्या माळा घेऊन. जेवून तू आडवा झालास, आणि मला वाटलं, दादाच्या गाडीला आपल्या हातचं काहीतरी असावं.

गणपतीतली सोनेरी भुकटी उरली होती. मी ती वॉर्निशमध्ये कालवली. जित्याच्या रस्त्यावर शिकलेली विद्या होतीच, एकेका चाकाचे नट काढले. आणि मग मी पेणच्या कारखान्यातल्या बाईने करावं तेच केलं. आमच्याकडे मूर्तीची पाठसुद्धा रंगवतात, जी भिंतीकडे असते आणि कुणी बघत नाही. कुठे बोटभर जागा कोरडी राहिली तर सासूबाई मूर्ती परत पाठवायच्या. मी ते नट नुसते वरून रंगवले नाहीत. तारेला अडकवून वाटीत बुडवले, आपण मण्यांना बुडवतो तसे, आतबाहेर, दोन हात. आतल्या आट्यांच्या खाचांत सोनेरी रंग नीट भरला की नाही ते उजेडाकडे धरून बघितलं. बोल्टांनाही ब्रशने लावला. आणि पुरते सुकायच्या आत जागेवर बसवून, पान्यावर पाय देऊन आवळले. माझ्या भावाचं चाक मी सैल ठेवणार होते होय?

तू उठलास, बाहेर आलास, सोळाच्या सोळा नट उन्हात चमकत होते. तू डोकं खाजवलंस. आई म्हणाली, "किती साजरा दिसतंय! रथ वाटतंय रथ." तू म्हणालास, "व्हय, आता घोडंच आणतो चार." आणि हसलास. तू तेव्हाच बोलायला हवं होतंस, दादा. 'सुमे, आट्यांत रंग भरत नाय, तेल भरतात.' एवढंच. मी दोन दिवस फुगून बसले असते आणि विसरले असते.

पुढच्या भाऊबीजेला तू आलास तेव्हा तीन चाकांचे नट काळे झाले होते. मी ओवाळायच्या आधी दारात उभी राहून विचारलं, रंग का खरवडलास? तू म्हणालास, "खरवडतो कशाला? रस्त्यावर उडतो तो." मी म्हटलं, माझा वॉर्निशचा रंग असा उडत नाही, तुला आवडला नसेल तर तोंडावर सांग. तू पाटावर बसलास, मान खाली घालून टिळा लावून घेतलास आणि म्हणालास, "एक चाक हाय ना तुझा अजून? तो नाय जायचा." तो मागचा डावा. आमच्या दारात गाडी लावलीस की तोच माझ्याकडे असायचा. मी त्या चाकाकडे बघितलं आणि माझं समाधान झालं. मी किती सहज समाधान पावले, तेच आता टोचतंय.

आता त्या दिवसाचं. आपण दोघं त्याबद्दल नीट कधी बोललो नाही, फक्त मी बोलले.

श्रावण होता. आई जूनपासून अंथरुणाला होती, आणि तू दर आठवड्याला फोन करायचास, "सुमे, येऊन जा गो, आठवण काढते." मी म्हणायची, एवढी खेप रंगवून झाली की येते. मग दुसरी खेप. गणपतीच्या तोंडावर आमच्याकडे मरायला फुरसत नसते, हे मी तुला सांगायची. आईला काय फुरसत होती, ते मी विचारलं नाही. त्या सकाळी कारखान्यातल्या फोनवर तू म्हणालास, "आईचा काय खरा नाय. तुझाच नाव घेते. मी गाडी घेऊन निघतोय, तासाभरात येतो. एसटीनं येऊ नकोस, उभी राहून येशील. तिथंच थांब."

मी थांबले. पिशवी घेऊन कारखान्याच्या ओट्यावर बसले. हाताला गुलाबी रंग तसाच होता. एक तास झाला, दोन झाले. समोरून रोह्याची एसटी गेली. मी उठले, पुन्हा बसले, कारण तू थांब म्हणाला होतास, आणि मी निघाले असते आणि तू मागून आला असतास तर चुकामूक झाली असती. मोबाइल कुणाकडे होते तेव्हा? दुसरी एसटी गेली. साडेतीन तासांनी तू आलास. भिजलेला, कोपरापर्यंत काळा, उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं निघालेली. "कासूजवळ चाक बसला," एवढंच म्हणालास. आपण रोह्याला पोचलो तेव्हा आईला खाली घेतलं होतं. वहिनी म्हणाली, अर्धा तास झाला. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.

मी आईपाशी बसायच्या आधी तुझ्याकडे वळले. अंगण माणसांनी भरलेलं होतं. आपली आत्या होती, सगळे भाऊबंद होते, शेजारपाजार होतं. मी ओरडले, "मेकॅनिक म्हणवतोस, आन् एक चाक निघाला नाय तुला?"

तू म्हणालास, "गंजले होते गो." आणि नळावर हात धुवायला गेलास.

हे वाक्य पुढे आपल्या घरात राहिलंच. आत्याने ते जपलं, तिच्याकडून भाऊबंदांच्या पोरांकडे गेलं. लग्नकार्यात कुणाकडून काही जमलं नाही, नारळ फुटला नाही, स्टोव्ह पेटला नाही, की कुणीतरी म्हणायचंच, मेकॅनिक असून चाक निघालं नाही. आणि सगळे हसायचे. तूही हसायचास. मी सगळ्यांत मोठ्याने हसायची, कारण हसले नाही तर त्यामागचं दुसरं वर आलं असतं. जूनपासून श्रावणापर्यंत मी आईकडे गेले नव्हते. रोज एसट्या होत्या. गाडी एकाच दिवशी बंद पडली होती. मला हे तेव्हाही कळत होतं, दादा. पण ते स्वतःच्या अंगावर घ्यायची माझी छाती नव्हती, म्हणून मी ते तुझ्या अंगावर टाकलं, आणि तू घेतलंस.

आईच्या वर्षश्राद्धाला मी बघितलं, त्या मागच्या डाव्या चाकालाही काळे नट. मी म्हटलं, "आईबरोबर माझा रंग पण घालवलास का?" तू तेव्हा माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंस. मला वाटलं होतं तू चिडशील. तू आत गेलास आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलास.

ती गाडी मोडीत गेली, तू दुसरी घेतलीस. भाऊबीज एकही चुकली नाही. नेमाने यायचास, गुळगुळीत नारळ आणि न आवडणाऱ्या रंगाची साडी घेऊन. लाल, गुलाबी, नारिंगी, तुला सगळं लालच. माझ्या हातचे गणपती बघून दरवर्षी म्हणायचास, "सोनेरी जरा कमी कर गो." मला वाटायचं, तुला त्यातलं काय कळतं. आता ते वाक्य आठवलं की मी जागच्या जागी थांबते.

शेवटची भेट महिन्यापूर्वीची. तू पडवीत खाटेवर होतास, निम्मा झाला होतास. अंगणातल्या गाडीकडे बोट दाखवून म्हणालास, "सहा महिने जागची हलली नाय. टायर बसलेत. चाका काढून ठिवायला पायजेत कुणाकडनं तरी, नाय तर नट धरतील." आणि मी काय म्हणाले? तुझ्या उशाशी बसून, तुझ्या कपाळावर हात ठेवून, मी म्हणाले, "तुझ्यानं निघाला नाय, दुसऱ्या कुणाच्यानं काय निघणार?" सवयीने गेलं तोंडातून. लाडाने म्हणाले, देवाशप्पथ. तू हसलास, हसता हसता खोकलास, वहिनीने पाणी दिलं. मी पेणची एसटी गाठायला उठले. तेच माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं.

म्हणून बाराव्या दिवशी मला घरात बसवेना. बायका तेराव्याच्या तयारीला लागल्या होत्या, मी पदर खोचला आणि तुझ्या गाडीपाशी गेले. वहिनी म्हणाली, "आता कशाला हात काळं करतेस गो?" मी म्हटलं, त्याने सांगितलं होतं. पाना पाहिजे म्हणून तुझी पत्र्याची पेटी उघडली. पान्यांच्या खाली, तळाला, बिस्किटांचा जुना डबा होता. मला वाटलं वायसर असतील. उघडला, तर चार नट. तीन अख्खे, एक फोडलेला. गंजाच्या आड माझा सोनेरी रंग मला लगेच ओळखू आला. आपल्या हातचा रंग कुणाला ओळखू येत नाही? फोडलेला नट मी उजेडाकडे धरला. आट्यांत वॉर्निश आणि भुकटी भरून दगड झालेला, आणि त्यात गंज. जितकं नीट मी भरलं होतं तितकं नीट ते बसलं होतं.

मी डबा घेऊन वहिनीपुढे उभी राहिले. तिने हातातली परात खाली ठेवली.

"ते सांगू नको म्हणले होते," ती म्हणाली. "आता कुणाला विचारू?"

मग तिने सांगितलं. पहिल्या तीन चाकांचे नट काढताना तुला दोन दिवस लागले होते. रॉकेलात भिजवून, हातोडीने ठोकून, तेव्हा कुठे निघाले, आणि रंग गेला. चौथंही काढणार होतास. पण भाऊबीजेला मी दारात तोंड फुगवून उभी राहिले, आणि तू घरी जाऊन म्हणालास, "तो चाक राहू दे. तिच्या दारात लावतो तवा तोच तिच्याकडं असतो." मेकॅनिक माणूस, चाक धरलंय हे ठाऊक असून, बहिणीला बरं वाटावं म्हणून तसंच ठेवलंस. आणि कासूजवळ नेमकं तेच बसलं.

तुझ्या अंगावर पाऊस. शेतातल्या एका घरातून रॉकेल मागून आणलंस. तेल पाजून थांबलास. दोन नट तसे सुटले. तिसऱ्याला पान्यात पाइप घालून लोंबकळलास. चौथा छिन्नीने फोडलास, तेव्हा हात घसरून बोटं सोलली. सुटलेल्या नटांच्या आट्या गेल्या होत्या, म्हणून स्टेपनी चढवून बाकीच्या तीन चाकांचा एकेक नट काढून तिला लावलास, आणि प्रत्येक चाकाला तीनतीन नट अशी ती गाडी पेणला आणि तिथून मला घेऊन रोह्याला आणलीस.

"मला का नाय सांगितला?" मी विचारलं.

"मी पण तेच म्हटला त्यांना. तू अंगणात ओरडलीस ना, त्या दिवशीच म्हटला, सांगा तिला. तर म्हणले, ती आईकडं आली नाय म्हणून आधीच जळतेय. त्यात हा कशाला सांगू? माझ्यावर वरडून दोन दिसांत मोकळी व्हईल."

दोन दिवस, दादा! तू मला एवढं ओळखत होतास, आणि एवढंच ओळखत होतास. मी ते वीस वर्षं ओढलं.

वहिनी आत गेली आणि मी गाडीपाशी परत आले. रडत नव्हते, तुझ्याशी भांडत होते. चूक तुझीही आहे. सोडून द्यायची होतीस गाडी कासूला, आणि पेणकडच्या एसटीला हात दाखवायचा होतास. मी तुला ओळखते. तुला दर पाच मिनिटांनी वाटलं असणार, आता निघेल. आणि एकदा तेल पाजलं की उठून जाणं तुझ्या रक्तात नव्हतं. पण अडीच तास तू तिथे चिखलात बसला होतास, आणि हातात माझं वॉर्निश होतं. तेव्हा एकदाही तुझ्या तोंडात माझ्यासाठी शिवी आली नाही? आली असली तर मला बरं वाटेल.

मग मी तुझी चाकं काढली. आधी जॅकला हात लावला नाही. चारही चाकांना तेल दिलं, कडेकडेने ठोकलं आणि पायरीवर बसून राहिले. बायका म्हणाल्या, सुमन, मुकाट जेवून घे. मी म्हटलं, तेल आत जाऊ दे. साठीला आलेय, पण इतका वेळ गप्प बसण्याची ही माझी पहिलीच खेप. बसल्या बसल्या ठरवलं की हे उद्याच्या उद्या सांगायचं. मग उठले, प्रत्येक नट आधी जरा आवळला, मग सोडला, आणि तेव्हा कुठे जॅक लावून खाली विटा दिल्या. शेवटच्या चाकापर्यंत दिवेलागण झाली.

आणि काल, तेराव्याची पानं उठल्यावर, माणसं पडवीत सुपारी कातरत बसली असताना, मी मध्ये जाऊन उभी राहिले. तीच माणसं. काही गेलीत, पण आत्या आहे, पंच्याऐंशीची, भाऊबंद आहेत, शेजारपाजार आहे. त्यांच्यासमोर तुझी अब्रू घेतली होती, परत द्यायची तर त्यांच्यासमोरच द्यायला हवी. मी म्हटलं, "आई गेली त्या दिवशी मी दादाला जे बोलले ते खोटं होतं. चाक नुसत्या गंजानं नव्हतं धरलं. माझ्या रंगानं धरलं होतं." आणि सगळं सांगितलं, दसऱ्यापासून. नट हातात होता. जूनपासून मी आईकडे गेले नव्हते, तेही सांगितलं. ते सांगायचं ठरवलं नव्हतं, पण आलं.

आत्याने हात पुढे केला. मी तिच्या तळहातावर नट ठेवला. तिने चष्मा लावून तो बराच वेळ फिरवून बघितला, आणि शेजारच्याच्या हातात दिला. असा तो नट सगळ्या पडवीभर फिरला. इतकी वर्षं हसलेली सगळी माणसं खाली मान घालून तो बघत होती. मग आत्या तुझ्या फोटोकडे बघून म्हणाली, "आमी हसायचो रे बाबा. तू पण हसायचास."

वहिनीने पदराने डोळे पुसले. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आता ऱ्हाव दे." मी नट परत घेतला.

आता तो इथे पाटावर आहे. सोनेरी रंगाची वाटी त्याला लागून आहे, आणि खोटं कशाला सांगू, मघाशी सवयीने हात तिकडे गेला होता. फोडलेल्या जागेवर लोखंड उघडं आहे, ते डोळ्याला खुपतं. तसंच राहू देणार आहे. या भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात तशी मीही ओवाळीन, आणि तुझ्याशी भांडेन, कारण ते बंद व्हायचं नाही.

तुझी चाकं मी काढून पडवीत ठेवली आहेत, दादा. चारही निघाली, एकही नट फोडावा लागला नाही. तेलात घालून ठेवलेत, रंग लावलेला नाही. आणि त्या दिवशी तुला उशीर झाला नव्हता. मला झाला होता.

तुझी,
सुमी